पेट्रोलचा कांटा खोटें कां सांगतो ?

घरचीं यंत्रें

या सदरांत आजवर शिवणयंत्र, विहिरीवरील पंप, भिंतीवरचें घड्याळ अशा घरांत बसून राहणाऱ्या यंत्रांचा विचार झाला. दाराशीं उभ्या राहणाऱ्या यंत्राची पाळी आज आली आहे, ती एका पत्रामुळें. पत्र कऱ्हाडकडील एका गृहिणीचें आहे. कुटुंब एकत्र, घरांत लहानमोठीं चौदा माणसें, आणि मामंजींनीं १९७८ सालीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी गाडी अद्यापि चालती. त्या लिहितात : "गाडी मामंजींच्या हातची, म्हणून ती विकण्याचें कोणाच्या मनांत नव्हतें. पण गेल्या श्रावणांत एके रात्रीं सासूबाईंच्या छातींत कळ आली. भाऊजी त्यांना गाडींत घालून निघाले, आणि कांटा पाऊण टाकी दाखवीत असतां गाडी वाटेंतच थांबली. टाकी कोरडी होती ! मागून येणाऱ्या एका टेंपोवाल्यानें सासूबाईंना दवाखान्यांत पोंचविलें, म्हणून वेळ निभावली. पुढें गॅरेजवाल्यानें मीटर बदलून दिला. नवा मीटर तर आतां अष्टौप्रहर टाकी भरलेलीच दाखवितो. 'गाडी काढून टाका' असें आतां मामंजीच म्हणूं लागले आहेत."

मामंजींना आमचें सांगणें असें कीं, एवढ्यासाठीं गाडी काढूं नये. दोष असावा तो अगदीं क्षुल्लक असण्याचा संभव फार आहे, आणि तो कोठें आहे हें घरच्या घरीं, अर्ध्या तासांत व फारसा पैसा न खर्चितां ठरवितां येतें. मीटर बदलूनहि रोग गेला नाहीं, ही गोष्ट मात्र मोठी बोलकी आहे. कांटा कांहीं स्वतः टाकींत डोकावून पाहत नाहीं. टाकींतून तारेवाटें येणारा निरोप तो वाचून दाखवितो. निरोपच चुकीचा असेल, तर वाचणारा बदलून काय होणार ? तरीहि गॅरेजांत प्रथम बदलला जातो तो मीटरच. कारण तो डोळ्यांसमोर असतो, आणि तार व टाकी गाडीच्या पोटाखालीं चिखलांत असतात.

मोटारींना हा कांटा पहिल्यापासून होता असें नाहीं. फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडींत टाकी पुढल्या बैठकीखालीं असे. बसणाऱ्यांना उठवावयाचें, बैठक उचलावयाची, आणि खुणा केलेली काठी आंत बुडवून पाहावयाची, अशी ती रीत. १९२८ सालच्या मॉडेल ए गाडींत टाकी समोरच्या कांचेच्या पुढें बसविली होती व तिच्यावर तरंगणाऱ्या बुचाची तबकडी थेट चालविणाऱ्याच्या नजरेसमोर येई. त्यांत विजेचा संबंधच नव्हता. जर्मनीच्या फोक्सवागन बीटलला तर १९६१ पर्यंत कांटाच नव्हता. गाडी गचके देऊं लागली कीं, पायानें एक तोटी फिरवावयाची, म्हणजे राखून ठेवलेलें पेट्रोल मिळे. आपल्याकडे ज्यांनीं घरची स्कूटर चालविली आहे, त्यांना 'गाडी रिझर्व्हला आली' हे शब्द नवे नाहींत. विजेच्या कांट्यानें ही सारी यातायात वांचविली खरी. पण काठी कधीं खोटें बोलत नसे, आणि कांटा बोलतो.

आतां निरोपाचा मार्ग पाहूं. टाकीच्या आंत एका दांड्याच्या टोकाला पितळेचा पोकळ फुगा किंवा बुचाचा तुकडा असतो. त्यास कारागीर फ्लोट म्हणतात. पेट्रोलबरोबर तो वरखालीं होतो. दांड्याच्या दुसऱ्या टोकाशीं बारीक तारेचें वेटोळें असतें व त्यावरून एक पातळ पट्टी सरकत जाते. पट्टी जेथें टेंकेल त्याप्रमाणें विजेच्या वाटेंत कमीअधिक रोध उत्पन्न होतो. बॅटरींतून निघालेली वीज किल्लीवाटें, फ्यूजवाटें कांट्यांत येते ; तेथून एकाच तारेनें मागें टाकीपर्यंत जाते ; वेटोळ्यांतून पार होते ; आणि टाकीच्या पत्र्यावाटें गाडीच्या सांगाड्यांत शिरून बॅटरीकडे परतते. परतीची निराळी तार बहुधा नसतेच. परतीची ही जी पत्र्यांतली वाट, तीस आपण अर्थिंग म्हणतों. वाचकांनीं ही शेवटची गोष्ट लक्षांत ठेवावी. निम्मे रोग तेथेंच असतात.

कांट्यांचे मुख्य प्रकार दोन. एक चुंबकी. यांत दोन वेटोळीं सुईला आपापल्या बाजूस ओढतात ; किल्ली फिरवितांच सुई टुणकन् उठते, आणि खड्ड्यांतून जातांना पेट्रोल हिंदकळलें कीं, तीहि डोलते. दुसरा उष्णतेचा. यांत दोन निरनिराळ्या धातूंची जोडपट्टी असते. वीज अधिक वाहिली कीं, ती तापते व वांकते आणि सुईस ढकलते. ही सुई सावकाश चढते व सावकाश उतरते. साठाच्या दशकांत इंग्लंडमधील गाड्यांतून हा दुसरा प्रकार रूढ झाला. बॅटरीचा दाब कमीजास्त झाल्यानें सुई भलतेंच दाखवूं नये, म्हणून त्याच्याबरोबर डॅशबोर्डामागें दहा व्होल्टचा एक लहानसा नियामक बसवीत.

हा भेद सांगण्याचें कारण असें कीं, एकच लक्षण दोन प्रकारांत अगदीं उलट कारणानें उत्पन्न होतें. उष्णतेच्या कांट्यांत तारेची वाट तुटली तर सुई 'रिकामी'वर पडते, आणि ती तार वाटेंत कोठें सोलून पत्र्याला टेंकली तर सुई 'पूर्ण'वर जाऊन बसते. जुन्या इंग्लिश व कित्येक अमेरिकन गाड्यांतील चुंबकी कांट्यांत याच्या नेमकें उलट : तार तुटली तर 'पूर्ण', पत्र्याला टेंकली तर 'रिकामी'. त्यामुळें एका गाडीवर शिकलेला कारागीर दुसऱ्या गाडीपाशीं सहज फसतो. शिवाय एका जातीचा मीटर दुसऱ्या जातीच्या फ्लोटशीं जोडला, तर भरलेली टाकी रिकामी व रिकामी टाकी भरलेली दिसूं शकते. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें उठल्या ; तिच्यावर हात बसलेले मिस्त्री आतां विरळ होत चालले आहेत. तेव्हां गॅरेजवाल्यानें बसविलेला मीटर याच गाडीचा आहे, कीं दुकानांत मिळाला म्हणून घेतलेला दुसऱ्या कोणत्या गाडीचा आहे, हें कऱ्हाडच्या भगिनींनीं आधीं विचारून घ्यावें. जुना मीटर फेंकून दिला नसेल तर तो परत मागावा. तो निर्दोष असण्याचाच संभव अधिक.

आतां परीक्षा. हिला दोन माणसें लागतात. एकत्र कुटुंबांत त्यांची वाण पडूं नये. एकानें चालविणाऱ्याच्या जागीं बसून कांट्यावर नजर ठेवावी. दुसऱ्यानें मागें टाकीपाशीं जावें. बहुतेक जुन्या गाड्यांत डिकींतील चटई उचलली कीं, एक झांकण व त्याखालीं फ्लोटच्या बैठकीस आलेली तार सांपडते. कांहीं गाड्यांत मात्र खालून हात घालावा लागतो. तारा दोन असतील तर एक पेट्रोल संपत आल्याचा दिवा लावणारी असते. तिला हात लावूं नये. किल्ली बंद असतांनाच कांट्याची तार सोडवावी आणि तिचें टोंक कशासहि लागणार नाहीं असें ठेवावें. मग किल्ली फिरवून सुई कोठें जाते तें पाहावें. पुन्हां किल्ली बंद. आतां तेंच टोंक टाकीपासून दूर, सांगाड्याच्या एखाद्या उघड्या, घांसून लखलखीत केलेल्या बोल्टाशीं घट्ट बांधावें, आणि पुन्हां किल्ली फिरवावी. सुई दुसऱ्या टोकाकडे निघाली असें दिसतांच किल्ली बंद करावी. तशीच ठेवून दिल्यास उष्णतेचा कांटा बिघडतो. प्रत्येक वेळीं किल्ली बंद करूनच तार हलवावयाची, यांतील हेतु उघड आहे : टाकीपाशीं ठिणगी पडतां कामा नये. आणि फ्लोटच्या बैठकीस किंवा मीटरच्या पाठीस बॅटरीची तार थेट लावून पाहण्याची जी कित्येकांना खोड असते, ती सर्वथा वर्ज्य समजावी.

सुई एकदां या टोकास व एकदां त्या टोकास गेली, तर मीटर चांगला, तारहि चांगली. दोष टाकींतील फ्लोटमध्यें किंवा त्याच्या अर्थिंगमध्यें. सुई दोन्ही वेळीं जागची हललीच नाहीं, तर हीच परीक्षा मीटरच्या पाठीशीं करावी. टाकीकडे जाणारी तार तेथून काढावी व मीटरचें तें टोंक एका तुकड्यानें क्षणभर सांगाड्यास जोडून पाहावें. तेथें सुई हलली तर मधली तार नादुरुस्त. तेथेंहि न हलली तर मीटरपर्यंत वीजच येत नसेल. तेव्हां फ्यूज, नियामक आणि त्यांचे सांधे पाहावेत, व सर्वांच्या अखेरीस मीटरवर संशय घ्यावा.

मधली तार तुटली कीं पत्र्याला टेंकली, हेंहि तेथेंच कळतें. टाकीकडील टोंक मोकळें असतां सुई पत्र्याला टेंकल्याप्रमाणेंच वागत असेल, आणि मीटरकडील टोंक काढतांच ती उलट दिशेस परतली, तर तार वाटेंत कोठें तरी सोलली आहे हें निश्चित. पत्रांतील हकीकतीवरून आमचा पहिला संशय येथेंच आहे. डिकीचा पत्रा, मागल्या आसनाखालचें भोंक, दारालगतचा गालिचा, या ठिकाणीं चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तारेचें आवरण झिजतें. भोंकांतलें रबरी कडें निघून गेलेलें असलें, म्हणजे पत्र्याची धार तारेला हळूहळू कापीत राहते. अशी तार चिकटपट्टीनें गुंडाळून भागवूं नये. पुढपासून मागपर्यंत नवी घालावी व भोंकांत नवें रबर बसवावें. खर्च फार थोडा आहे.

दोन चिन्हें तर परीक्षेवांचूनच उलगडतात. पेट्रोलचा कांटा आणि पाण्याच्या उष्णतेचा कांटा दोन्ही एकाच वेळीं फार वर दाखवूं लागले, किंवा दोन्ही एकदम पडले, तर दोघांना वीज पुरविणारा नियामक बिघडला किंवा त्याचें अर्थिंग सुटलें असें समजावें. आणि रात्रीं दिवे लावतांच पेट्रोलची सुई सरकत असेल, तर मागील दिव्यांच्या व टाकीच्या परतीच्या वाटेंत गंज शिरला आहे.

अर्थिंगचा इलाज तर सर्वांत सोपा. टाकी व सांगाडा यांच्यामध्यें रबर, रंग व गंज येऊन वाट अडते. किल्ली बंद असतांना फ्लोटच्या बैठकीच्या एका स्क्रूपासून सांगाड्याच्या स्वच्छ बोल्टापर्यंत हातभर तार जोडावी, सोडविलेली तार जागीं लावावी, आणि किल्ली फिरवावी. सुई ताळ्यावर आली, तर तीच तार कायमची पक्की करावी. आमच्या मतें अशी तार प्रत्येक जुन्या गाडीस, रोग असो वा नसो, लावून ठेवण्याजोगी आहे.

एवढ्यानेंहि भागलें नाहीं, म्हणजे फ्लोट बाहेर काढण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. येथून पुढचें काम घरीं करावें कीं मिस्त्रीकडून, हें घरांतील मंडळींनीं विचारपूर्वक ठरवावें. कारण आतां टाकी उघडावयाची आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां तिपटीचौपटीनें जड असते. ती वर उडून जात नाहीं ; पाण्यासारखी जमिनीलगत वाहत जाते, खड्ड्यांत व तळघरांत सांचते. हवेंत शेंकडा दीड भागाच्या आसपास वाफ मिसळली तरी ती पेट घेऊं शकते, आणि ती पेटावयास कडाक्याची थंडीहि आड येत नाहीं. आपल्या घरांची ठेवण लक्षांत आणा. अंगणांत तुळशीपुढें निरांजन, देवघरांत समई व उदबत्ती, न्हाणीघराशीं पेटलेला बंब, स्वयंपाकघरांत गॅसची शेगडी ! अंगणांत टाकी उघडली, तर वाफ उंबऱ्यावरून आंत कधीं गेली हें कोणाला कळणारहि नाहीं. म्हणून हें काम घरापासून दूर, उघड्यावर, दिवसाउजेडीं करावें. बंदिस्त मोटारघरांत किंवा गॅरेजच्या खड्ड्यावर नव्हे. बॅटरीची तार आधीं सोडवावी. विजेचा लोंबता दिवा जवळ नसावा. मुलांना त्या बाजूस फिरकूं देऊं नये. आणि विडी ओढणाऱ्या मिस्त्रीस, तो कितीहि जुना व विश्वासू असला तरी, स्पष्ट शब्दांत दूर करावें. टाकींत पेट्रोल थोडें असतांनाच हें काम काढणें बरें, मात्र 'टाकी रिकामी आहे, भीति नाहीं' हा समज सर्वांत घातक. रिकाम्या टाकींत वाफच भरलेली असते.

फ्लोटची बैठक पांच-सहा स्क्रूंनीं किंवा फिरत्या कड्यानें बसविलेली असते. कडें लोखंडी छिनीनें ठोकूं नये. लांकडाचा वा पितळेचा ठोकळा लावून हळूहळू फिरवावें. बाहेर आलेला दांडा वांकवूं नये. पितळी फुगा कानाशीं धरून हलवावा. आंत चुळुकचुळुक वाजलें, तर त्याला भोंक पडून पेट्रोल शिरलें आहे. असा फुगा बुडून राहतो व टाकी भरलेली असली तरी सुई खालीं राहते. त्याला घरीं डाग देण्याचा प्रयत्न कोणीहि करूं नये. आंतल्या वाफेनें तो तोंडावर फुटतो. नवा आणावा. बुचाचा फ्लोट असेल, तर आतां एक निराळीच अडचण आहे. जुन्या काळीं बुचाला लाखेचें रोगण देत, तें पेट्रोलांत टिके. परंतु अलीकडे पेट्रोलांत इथेनॉल मिसळतात ; २०२५ सालीं आपल्या देशांत हें प्रमाण शेंकडा २० पर्यंत पोंचलें. इथेनॉल हा मद्यार्क, आणि लाख मद्यार्कांत विरघळते. रोगण गेलें कीं, बूच पेट्रोल पितें, जड होतें आणि खालीं बसतें. अशा गाडींत इथेनॉलला दाद न देणारा नवा फ्लोट घालावा.

फ्लोट ठीक असेल, तर टाकीपासून दूर नेऊन मल्टिमीटरचीं दोन टोंकें बैठकीस व तारेच्या जागीं लावावींत, आणि दांडा सावकाश वरखालीं करावा. आंकडा सलग बदलत गेला पाहिजे. स्मिथ्स कंपनीच्या उष्णतेच्या कांट्यांबरोबरच्या फ्लोटमध्यें तो रिकाम्या स्थितींत सुमारें २४० ओहम व भरलेल्या स्थितींत वीस-तीस ओहम भरतो. इतरांचे आंकडे निराळे असतात. एखाद्याच ठिकाणीं आंकडा तुटत असेल, तर तेथील तार झिजली आहे. कांटा एरवीं बरा चालून नेमका पाव टाकीशींच उडी मारतो, अशी तक्रार पुष्कळांची असते, तिचें मूळ हेंच. दांडा वर्षानुवर्षें त्याच टापूंत फिरत असतो ; जीं घरें नेहमीं थोडेंथोडें पेट्रोल भरतात, त्यांच्याकडे तर अधिकच. नुसता मळ असेल तर तो पुसून जातो. तार झिजली असेल तर नग बदलावा. परत बसवितांना जुनें गॅस्केट वापरूं नये, आणि बसविल्यावर पेट्रोलचा वास येत नाहीं याची खात्री झाल्याशिवाय बॅटरी जोडूं नये.

दुरुस्तीनंतर कांट्याची पडताळणी अवश्य करावी. टाकी जवळजवळ रिकामी झाली कीं, पंपावर जाऊन पांच-पांच लिटर भरावें, गाडी सपाट जागीं असावी, प्रत्येक वेळीं सुई कोठें थांबते तें एका कागदावर उतरून तो कागद गाडीच्या कप्प्यांत ठेवावा. मामंजींना त्यांच्या गाडीची संवय असेल. भाऊजींना व घरांतल्या सुनांना नसते, आणि रात्रींअपरात्रीं गाडी काढणारीं तींच. त्या कागदावर आणखी एक ओळ असावी : घाट चढतांना व उतरतांना सुईवर भरंवसा ठेवूं नये. पेट्रोल उताराच्या बाजूस जातें आणि फ्लोट टाकींत जेथें असेल त्याप्रमाणें सुई वर वा खालीं होते. खंबाटकी चढतांना जें दिसतें, तें वर सपाटीवर आल्यावर पुन्हां पाहावें.

कांटा नीट होईपर्यंतच्या काळांत काय करावें, असेंहि त्या भगिनींनीं विचारलें आहे. टाकी एकदां गळ्यापर्यंत भरावी व किलोमीटरचा आंकडा लिहून ठेवावा. गाडी लिटरला किती जाते हें मामंजींना ठाऊक असेलच ; त्यावरून निम्मी टाकी संपली असें वाटतांच पुन्हां भरावी. घरांत आजारी माणूस आहे तोंवर टाकी अर्ध्याखालीं उतरूं देऊं नये. प्लास्टिकच्या डब्यांतून घरांत पेट्रोल सांठविण्याची कल्पना घरांतील कोणी काढील. ती मुळींच ऐकूं नये.

परीक्षेंत सुई कोणत्या टोकास गेली, तेवढें त्यांनीं आम्हांस कळवावें. उत्तर पुढील अंकीं देऊं. त्याच अंकांत विहिरीवरील पंपाच्या वॉशरांविषयीं आलेल्या तीन पत्रांचा परामर्श घेऊं.